डावी खिट्टी

बेसो, बेसो निरुपमाताई — म्हणजे बसा. बडोद्यात दारात पाहुणा आला की जीभ आपोआप गुजराती होते, पाहुणा आपल्यातला असला तरी. तर तुम्ही म्हणता, सहज आलात. हरणीत काम होतं म्हणून. आमच्या शलाकानं पाठवलेलं नाही. बरं, मानलं. पण ताई, सहज येणारी माणसं पर्समध्ये पेचकस घेऊन फिरत नाहीत. दिसली मला त्याची पिवळी मूठ. राहू द्या आतच. शलाकाच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम आहात, मान आहे तुमचा — चहा घ्या, बडोद्याचा ओला लीला चिवडा घ्या, पण असा या बाजूला बसून, शेव त्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात उडायला नको — आणि मशीनला बोटही न लावता सुखरूप घरी जा. हे मशीन या फत्तेसिंहराव जगदाळ्यांनी स्वतः जोडलंय. चालूही तेच करतील.

चालू होत नाही असं कोण म्हणतं? पंखा फिरतो. हिरवा दिवा लागतो. फक्त पडदा काळा, आणि आतून हे — ऐका, बटण दाबतो — पीं… पीं… पीं. दसऱ्यापासून, चार दिवस हेच. आमची मृदुला, शलाकाची आई, विचारते, कुकर किती शिट्ट्यांवर उतरवायचा ते मला कळतं, याच्या किती झाल्या की उतरवायचा? तिला काय सांगणार. ती आज सावली गावाला बहिणीकडे गेलीय, म्हणून घरात जरा शांतता आहे — हं, केलं बंद.

बावीस वर्षं मशिनं उघडलीत मी, ताई. आमच्या कारखान्यात एक जर्मन कॉम्प्रेसर होता, या खोलीएवढा. एकदा अडला. जर्मनीहून साहेब यायला आठ दिवस होते. मी नुसता कान लावला आणि म्हणालो, तिसरं बेअरिंग. उघडलं तर तिसरं. साहेब आला तेव्हा मशीन बघायचं सोडून माझा कान बघत बसला — फोटो काढून नेला कानाचा, अजून तिकडे भिंतीवर असेल. आता कारखान्याला कुलूप आहे ही गोष्ट वेगळी. ते कुलूप मी लावलेलं नाही. कान शाबूत आहे.

हो, हो, सोमवारी शलाकाचं प्रोजेक्ट दाखवायचंय, ठाऊक आहे मला. तुमच्या लॅबमध्ये तिला आठवड्याला दोन तास मिळतात, त्यात अर्धा तास लाइट जाते. बाकीच्या पोरी घरी बसून करतात, ही वहीत हातानं प्रोग्राम लिहिते. कागदावर, ताई. मी बघितलं एकदा, टेबलावर बोटं आपटत होती, कीबोर्ड आहे असं समजून. त्याच दिवशी सांगून टाकलं — दसऱ्याला घरात कॉम्प्युटर. आणि तयार नाही आणायचा. एकेक भाग हिंडून आणायचा आणि स्वतः जोडायचा. जोडला. दोष कुठं आहे तेही मला माहीत आहे. ही मेमरीची पट्टी, बघा, लांबूनच बघा. हिच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या खिट्ट्या. उजवी टक करून बसते, डावी बसत नाही. बनवणाऱ्याची चूक, दुसरं काय. म्हणून मी तिला रबरबँड लावलाय. काढून पाहिली का? कशाला काढायची? दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवलेली वस्तू. अंगठ्यानं दाबलीय, पूर्ण जोर लावून. आमच्या अंगठ्यात जोर आहे, ताई. तुमचे पणजोबा हुजूर कचेरीत होते म्हणालात ना? म्हणजे दौत, टाक, टाचणी. चांगलं काम, नाव ठेवत नाही. पण आमचे पणजोबा पिलाजीराव घोड्यावर. दसऱ्याच्या स्वारीत मांडवीजवळ हत्ती बिथरला होता, गर्दीत घुसला, माहूत खाली पडला — पिलाजीरावांनी तलवार उपसली आणि नुसती आडवी धरली. पात्यात हत्तीला स्वतःचा डोळा दिसला. शरमला हो तो. खाली बसला, आणि त्याचं बघून मागचाही बसला. एक हत्ती म्हणालो होतो? दोन होते. दुसरा लहान होता, म्हणून धरत नाही.

भिंतीकडे काय बघताय? चिवडा संपवा. त्या दोन खुंट्या होय — आणि मधला तो फिकट वाकडा पट्टा. तीच तलवारीची जागा. म्यान शिवायला दिलीय, लहरीपुऱ्यात. मृदुलालाही तेच सांगितलंय. म्हणजे तेच आहे. दीड महिना झाला, खरंय, पण म्यान शिवणारे राहिलेत किती? खंडेनवमीला मग पूजा कशाची केली? वा. कचेरीचं रक्त आहे खरं, बरोबर कलम काढलंत. पूजा चुकवली नाही, जगदाळ्यांच्या घरात शस्त्राशिवाय पाट राहत नाही. पाटावर हे ठेवलं. हेच. हसा. तलवारीच्या जागी हे आलं तर तलवारीचा मानही याला — आलं म्हणजे… आता पुरतं ऐका. गेली ती. विकली. जुन्या वस्तूंच्या दुकानात दिली आणि त्याच पैशात हे भाग आणले. मृदुलाला सांगायचंय, सांगीन. हे एकदा चालू झालं की उघड्या छातीनं सांगीन. न चालता कसं सांगू? तलवारही गेली आणि घरात शिट्टी मारणारा डबा आला, असं?

आणि वाईट-बिईट वाटत नाही मला. पन्नास वर्षांत ती तलवार म्यानाबाहेर निघाली ती फक्त पुसायला. पिलाजीराव वर बसून मिशी पिळत असतील तर पिळू देत. माझ्या पोरीच्या हातात काय द्यायचं ते मी ठरवणार. हत्ती बसवायचे दिवस गेले, ताई — आता तिच्या बोटांखाली टेबल असावं का कीबोर्ड, एवढाच प्रश्न आहे.

काय विचारलंत? पूजा कशी केली? रीतीनं. पण मला अक्कल आहे. झाकण उघडं होतं, पट्टी अजून बसवायची होती, म्हणून पाण्याचा थेंब नाही. हळदकुंकू बाहेरच्या पत्र्याला. फूल वर. उदबत्ती लांब. अक्षता… अक्षता वाहिल्याच की, त्याशिवाय पूजा होते का. वरूनच. चिमूटभर. सगळ्या वेचून काढल्या नंतर. बहुतेक सगळ्या. ताई, पेचकस का काढलात? हात लावू नका म्हटलं ना — आधी वायर तरी काढा. काढली? रबर जपून, तो मृदुलाच्या डब्याचा आहे. अशी सहज निघाली? माझ्या जोरानं बसलेली पट्टी, आणि दोन बोटांनी —

हलवू नका. खाचेत काय आहे ते? टोकानं उचला. इकडे द्या, तळहातावर.

तांदूळ आहे. कुंकवाचा. दोन तुकडे. माझ्याच अंगठ्याखाली झाले असणार.

बसवा. बसवा परत, मी काही बोलत नाही. उजवी — टक. आणि डावी…

ऐकलंत? टक.

वायर लावली, आता दाबा बटण. मी? तुम्ही दुरुस्त केलं, तुम्ही दाबा. नाही, मीच का? एक मिनिट, असं तिनं सांगितलंय? बटण बाबांनाच दाबू द्या, असं? म्हणजे पाठवलं तिनंच. आणि दुसरं काय सांगितलंय पोरीनं? बोला, चिवडा खाल्लाय माझा… तलवार पाहिली? कुठं? दुकानाच्या काचेत. ती लहरीपुऱ्यात गेली कशाला? म्यान शिवून झालं का विचारायला. दुकानं शोधत. कधी? नवरात्राच्या आधी.

आणि नवमीला माझ्या शेजारी बसून तिनं या डब्याला नमस्कार केला. सगळं ठाऊक असून. आरतीचं ताट तिच्याच हातात होतं.

दाबतो.

एकच पीं वाजलं. आली अक्षरं. मोजतंय काहीतरी, बघा, आकडे धावतायत. मेमरी मोजतंय होय? मोजू दे. पुरं मोजू दे.

ही गाडी शलाकाचीच. फाटकाशी आली. बंद करतो — बंद करतो म्हटलं, ती आत आली की तिच्यासमोर चालू करायचं. विचारलं तर सांगीन, कान लावला आणि कळलं. उठा, तुम्ही आला नव्हतात. मागचं दार इकडून, चपला हातात घ्या, चिवड्याचा पुडा घ्या. तुकडे राहू देत, ते मी खिशात ठेवलेत. चला, निघा आता.

पेचकस मात्र ठेवून जा.