खाली आलेली रेघ

मुलगी : तक्ता बघितल्याशिवाय आईचं नाव घालू देणार नाही म्हटलं होतं, काका. बघितला.

काका : मग? आपल्या देशातल्या मुलांच्या उंचीचा आपला स्वतःचा तक्ता! अगं, ती असती तर... इतकी वर्षं एका टेबलावर राबलो आम्ही.

मुलगी : ती गेली तेव्हा दहा वर्षांच्या मुलींची रेघ वर होती. महिन्याभरात खाली कशी आली?

काका : नमुना वाढवला. खाणीवरच्या वस्त्या घेतल्या.

मुलगी : त्या मुलांना मोजायला सुट्टीत मीही जायचे. टाचा टेकव, हनुवटी सरळ, श्वास घे. मोजून झालं की आई म्हणायची, ही तक्त्यात नकोत. ही उपाशी आहेत.

काका : ती काय परकी आहेत? त्यांना वगळायचं?

मुलगी : खायला घालायचं. मापच त्यांच्यावरून बेतलंत, तर ती खुरटलेली दिसतीलच कशी?

काका : वरून दबाव होता गं. खुरटलेल्या मुलांचा आकडा...

मुलगी : उतरला ना? एक घास न वाढता! स्वस्तात झालं.

काका : मार टोमणे. आईवर गेलीस अगदी. पण तिचं नाव नसेल तर एकही डॉक्टर हा तक्ता वापरणार नाही.

मुलगी : आणि असलं, तर? उद्या खाणीवरची बाई पोरीला घेऊन आली, डॉक्टर काय सांगेल तिला?

काका : सांगेल... वाढ ठीक आहे.

मुलगी : आणि परत पाठवेल. आईच्या नावावर.

काका : मी न विचारता केलेलं नाही. दवाखान्यात गेलो होतो तिच्याकडे. तक्त्यात काय बदलणार, ते सगळं समजावून सांगितलं.

मुलगी : कधी? मला बोलला नाहीत.

काका : तू औषधं आणायला खाली गेली होतीस.

मुलगी : काय म्हणाली?

काका : बोलता कुठे येत होतं तिला? कूस बदलली. माझ्याकडे पाठ केली.

मुलगी : आणि तरी तुम्ही तिचं नाव घालायला निघालात?

काका : मला वाटलं, दुखत असेल.