छताचा नवा कागद

तायडी: ...धूर थोडा इकडे मार, दादा. हं, सापडली. ही बघ राणी, पाठीवर निळा ठिपका.

दादा: किती शांत चाललीय.

तायडी: असं बोलू नकोस. आधीच हात धजत नाहीये. आईच्या मधमाश्यांच्या पेटीतल्या वंशाची ही शेवटची राणी. एक गेल्या आठवड्यात मारली, आता ही.

दादा: मारायलाच पाहिजे का? नुसती बाजूला नाही ठेवता येत?

तायडी: हिच्या वासावर अख्खी पेटी चालते. ही असेपर्यंत नव्या राणीला आत घेणार नाहीत, उलट तिचा जीव घेतील. आणि सुचवलं कोणी हे? "तायडे, तुझ्या माश्यांचा वंशच दमलाय, बाहेर पडतात त्या परत येत नाहीत, माझ्या पॉलिहाऊसमधल्या खरबुजाला फळ धरत नाही." ऐकून ऐकून कान किटले माझे.

दादा: मी म्हणालो म्हणून लगेच...

तायडी: तू म्हणालास म्हणूनच! इथे आत ठेवलेल्या पेट्या ओस पडताहेत हे मलाही दिसत होतंच. पण ही अंडी भरपूर घालतेय, रोगाचा पत्ता नाही, मेलेली माशी तर औषधालासुद्धा सापडत नाही. मग जातात कुठे?

दादा: मी झाडतो.

तायडी: काय?

दादा: सकाळी, तू यायच्या आत. छताच्या कोपऱ्यात धडका मारमारून खाली पडतात. खराट्यानं गोळा करतो आणि खतात टाकतो. तायडे, आधी सोड तिला.

तायडी: धरलीय मी नीट. तू बोल.

दादा: वाऱ्यानं पॉलिहाऊसचं छत फाटलं तेव्हा नवा प्लास्टिकचा कागद टाकला ना. दुकानदारानं विचारलं होतं, आत माश्या सोडता का? मी म्हटलं, नाही.

तायडी: का?

दादा: आपला नेहमीचा कागद यायला वेळ लागणार होता, हा तयार होता. अतिनील किरण अडवतो, बुरशी कमी येते, म्हणाला. वेल फुलावर आलेला. आणि मला वाटलं, उजेड तो उजेड, माशीला काय कळतंय!

तायडी: मी विचारलं होतं तुला, कागद कुठला म्हणून.

दादा: जुन्यासारखाच, म्हणालो. दिसायला तसाच आहे की.

तायडी: वर बघ. काय दिसतं?

दादा: ढग. मधे निळं आभाळ. अगदी काचेतून दिसावं तसं.

तायडी: तुला दिसतं. तिला नाही. सूर्याचा उजेड हवेत विखुरतो ना, तेव्हा त्याची कंपनं एका दिशेला लागतात. ध्रुवित उजेड म्हणतात त्याला. आपल्याला नुसतं निळं दिसतं, माशीला त्यात नक्षी दिसते. सूर्य ढगाआड असला तरी कुठे आहे ते त्या नक्षीवरून कळतं तिला, आणि त्यावरून घरची वाट. आभाळाचा हातभर तुकडा पुरतो. पण ती नक्षी ती अतिनील उजेडात वाचते, दादा. आणि नेमका तोच तुझ्या कागदानं बाहेर ठेवला.

दादा: हे एवढं नव्हतं माहीत मला. आईशप्पथ.

तायडी: आईला मधे आणू नकोस. निम्मं तरी माहीत होतं. नाहीतर झाडून कशाला टाकलं असतंस?

दादा: पहिल्या दिवशी ढीग बघितला तेव्हाच समजलो. तुला सांगितलं असतं तर पेट्या उचलून नेल्या असत्यास. म्हटलं, फळ धरेपर्यंत कळ काढू. मग तू विचारायला लागलीस, तेव्हा तोंडाला येईल ते बोललो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. आणि एकदा बोललो ते मागे घेता येईना.

तायडी: पहिली राणी चिरडली तेव्हा धूर कोणी धरला होता?

दादा: मीच.

तायडी: माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर काय म्हणालास?

दादा: "धूर गेला वाटतं डोळ्यात." नको ना गं. रात्ररात्र झोप नाही मला.

(तायडी राणीला चौकटीवर अलगद सोडते आणि झाकण लावते.)

तायडी: माश्या घरी परतल्या की दोन्ही पेट्या बाहेर न्यायच्या.

दादा: मी नेतो. आणि उद्याच छत फाडतो. खरबूज गेलं खड्ड्यात!

तायडी: खरबुजानं काय घोडं मारलंय? नर फुलं तोड आणि एकेका मादी फुलावर हातानं फिरव. कंबर मोडेल तेव्हा कळेल, या काय करत होत्या ते.

दादा: करीन. तायडे, त्या पहिल्या पेटीनं नवी राणी घेतली ना पण? नीट नांदताहेत ना सगळ्या?

तायडी: नांदताहेत की. जुनी का गेली, ते त्यांना कोणी सांगितलंच नाही.