पाण्याकडे पाठ

बोईसरच्या पोहण्याच्या तलावावर आईबापांना कुंपणाबाहेरच बसवतात. नातीचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेल्या रंभाबाईंच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या. त्यातली एक पाण्याकडे पाठ करून बसली होती.

"अशा उलट्या काय बसल्या तुमी?"

"बघवत नाही हो. आम्ही माणदेशातले, पाणी बघितलं ते टँकरचं. माझी किंजल दिसतेय का? पिवळी टोपी."

"दिसते ना."

"दंडाला फुगे आहेत ना?"

रंभाबाईंनी मान वर केली. फुगे काठावर पडले होते आणि पिवळी टोपी खोल पाण्यात सपासप हात मारत चालली होती.

"हायत ना," दुसरी बाई पाण्याकडे बघत म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही. जागच्या जागी हायत."

"सर म्हणतात, आता काढू या. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही! तुमचा मुलगा कुठं शिकला?"

"वाडीतल्या विहिरीत. आमी माकुणसारचे. बापानं कमरेला सुके नारळ बांधले आणि दिला सोडून."

"अगं बाई! मग?"

"मग काय, चार दिवसांत नारळ एकीकडं, पोरगा एकीकडं."

"नको बाई, पुढचं सांगू नका."

शिट्टी झाली. किंजलने काठावर येऊन फुगे दंडात चढवले आणि ती निथळत बाहेर आली.

"आई, फुगे होते म्हणून बरं झालं."

"बघा! आणि सर म्हणतात काढा!"

"हवा सोडू नकोस हं आई. उद्या परत लागतील."