लाल मुठीची स्प्रिंग

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी होत्या. काउंटरवर जुन्या कॉम्प्युटरच्या दोन जॉयस्टिक, एक काळी, एक लाल.

"काळी आमच्या यांची. तिची स्प्रिंग सैल करा, दादा. मनगटात जोर उरला नाही, सारखे हरतात. आता तर खेळायलाच बसत नाहीत."

"आणि लाल?"

"माझी. ती कडक करा. पण यांना कळता कामा नये हं!"

दुकानदाराने लाल जॉयस्टिक उघडून पाहिली. "आजी, ही लाल आधी कुणी उघडली होती?"

"माझी कुणी कशाला उघडेल?"

"स्प्रिंगची दोन वेटोळी कापून सैल केलीय. कापलेल्या जागी गंज चढलाय. जुनं काम आहे."

"अगंबाई! तरीच, नवी नवरी असताना मी एकाएकी जिंकायला लागले!"

"मग कडक करू ना?"

"नको हो. ती राहू दे तशीच. काळी मात्र हिच्याएवढीच सैल करा."