पाखरांचे लाडू

आई : हळू बोल, सिद्धेश. खाऊन राहिलं ते. जेवताना कोणाला घाबरवू नये.

सिद्धेश : आई, अस्वल आहे ते! आपल्या घरामागच्या डेकवर! तू आधी त्या काचेपासून मागे ये.

आई : दार लॉक केलं मी, वेडी थोडीच आहे. तुला मेसेज टाकला होता नं, 'पाहुणे आलेत, खाली ये' म्हणून.

सिद्धेश : मला वाटलं शेजारच्या कॅरोल आल्यात! फोटो पाठवलास तेव्हा धावत आलो. मीटिंग तशीच चालू आहे वर... अमेरिकेत, या डुलुथमध्ये नऊ वर्षं राहतोय, आपल्याकडे कधी अस्वल आलं नाही. पक्ष्यांच्या फीडरमध्ये काय ठेवलंयस तू?

आई : पाखरांचे लाडू.

सिद्धेश : कसले?

आई : शेंगदाणे, गूळ, थोडं खोबरं. अन् साजूक तूप.

सिद्धेश : मी दुकानातून त्यांच्या वड्या आणून दिल्या होत्या ना!

आई : तुझ्या लेकीनं, केयानं पाकीट वाचून दाखवलं. गाईची चरबी आहे त्यात! मी माझ्या हातानं टांगू? गॅरेजमध्ये ठेवून दिल्या.

सिद्धेश : म्हणून तुपाचा डबा आठवड्यात संपतो! नेत्रा मला बोलते, माझं कोलेस्टेरॉल काढून.

आई : सूनबाई तुला बोलली तेव्हा मी गप्प बसले. तेवढं चुकलं बाप्पा.

सिद्धेश : तो फीडरचा खांब वाकवला बघ त्यानं.

आई : जरा टेकलं बिचारं. डिंकही घातला होता मी.

सिद्धेश : डिंक? पक्ष्यांना?

आई : थंडीत बाहेर उणे वीस होतं. अन् तो सुतार पक्षी दिवसभर खोडावर डोकं आपटतो. मान धरत नसेल त्याची?

सिद्धेश : पुरे. हे गेलं की फीडर काढतो. इथे सगळे एप्रिलमध्येच काढतात. अस्वलं थंडीभर झोपून पाच महिन्यांची उपाशी उठतात. कॅरोलनी दोनदा टेक्स्ट केलंय मला.

आई : नको रे काढू.

सिद्धेश : आई, अस्वल!

आई : मग मी दिवसभर पाहू कोणाकडे? नेत्रा लॅबमध्ये, केया शाळेत, तू वर दार लावून. तो लाल तुरेवाला साडेनऊला येतो, मागून त्याची बायको. काळ्या टोपीची चिमणी तर हातावरून दाणा नेते. मला करमत नाही इथं, सिद्धेश.

सिद्धेश : कधी बोलली नाहीस.

आई : तू मीटिंगमध्ये होतास.

(बाहेर लाकडी पायऱ्या करकरतात.)

सिद्धेश : गेलं. जाताना एक लाडू तोंडात घेऊन गेलं.

आई : वाटेला शिदोरी.

सिद्धेश : हसू नकोस. घरांजवळ खायची सवय लागली की ते परत परत येतं, आई. मग एक दिवस त्यालाच गोळी घालतात.

आई : अगंबाई! मग उभा काय राहिलास? काढ तो फीडर. आत्ताच्या आत्ता काढ!

सिद्धेश : काढतो. पाण्याचं पसरट भांडं ठेवू आपण, पाखरं पाण्यालाही येतात. आणि मी चारच्या चहाला खाली येत जाईन. रोज.

आई : अन् मीटिंग?

सिद्धेश : बघतो मी. चल, चहा ठेव. दोन कप.

आई : दोनच ठेवते रे रोज. दुसरा मग पाच वाजता गरम करून मीच पिते.