सगळं पुसलं तर चालेल?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, संचालक साहेब, माझे सहकारी, आणि या ग्रंथालयातली पुस्तकं कानांनी वाचणाऱ्या माझ्या मंडळींनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मी निवृत्त होतेय की वारलेय, असा क्षणभर प्रश्न पडला. गुच्छ सुंदर आहे. आभारी आहे.

मघाशी आत येताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, आज ते ड्राइव्हचं प्रकरण नको. चालेल?" आता पाहुण्यांना सांगायला हवं, की आमचा सगळा कारभार या एका शब्दावर चालतो. माईक खरखरतोय? चालेल. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत काढून ठेवूया का? आहे तीच चालेल. आमच्या तंत्र अधिकाऱ्यांना तर आम्ही 'चालेलराव'च म्हणतो. हसू नका, समोरच बसलेत ते.

तर आमच्या श्रवणकक्षात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक आहे. पुस्तकं तोच ऐकवतो. त्याचं मेमरी कार्ड सारखं दगा द्यायचं, म्हणून त्याची सिस्टिम मी बाहेरच्या ड्राइव्हवर बसवली. शेजारी अगदी तसलीच दुसरी काळी ड्राइव्ह, तिच्यात रेकॉर्डिंग. जुळ्या बहिणीच म्हणा ना. सिस्टिम अपडेट करायची, तर आधी रेकॉर्डिंगची ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायची, हा माझा शिरस्ता. "ताईंनी तिला फार लाडावून ठेवलीये," असं चिडवायचे मला.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी मी रजेवर होते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तपासणीला न्यायचं होतं. अक्काला तुम्ही ओळखता. हयातभर तिने तुम्हाला पुस्तकं वाचून दाखवली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हा तिने मला पाटीवर लिहून दिलं होतं, "असू दे गं, तिकडे आहे ना." तिकडे म्हणजे इथे. त्या काळ्या डबीत.

साहेबांना पाहुण्यांपुढे नवी सिस्टिम मिरवायची होती. चालेलरावांनी दोन्ही ड्राइव्ह ऑफिसच्या संगणकाला जोडल्या. साहेब पाठीशी उभे. यादीत दोघींची नावं सारखीच, एक निवडली. पडद्यावर स्वच्छ मराठीत प्रश्न आला, "या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?" खाली दोन बटणं, 'चालेल' आणि 'नको'. अहो, यंत्र आमची भाषा शिकलं आणि तेच आमच्या मुळावर आलं! साहेब म्हणाले, "आटपा हो लवकर." आता मला सांगा, चालेलरावांनी जन्मात कधी 'नको' म्हटलंय?

पुसलं. वरून नवी सिस्टिम बसली. दुसऱ्या दिवशी संगणक झकास सुरू झाला, टाळ्या पडल्या. अहवालात 'अद्ययावतीकरण यशस्वी' असं छापलंय. मी ती ड्राइव्ह घेऊन दारोदार फिरले. अक्काचा एक शब्द कुणाला परत काढता आला नाही.

चालेलराव निदान माझ्यासमोर येऊन रडले. साहेब, तुम्ही म्हणालात, "चालायचंच, ताई." कुणाचं चालायचं? तुम्ही साधे अक्काच्या दारापर्यंतसुद्धा आला नाहीत. मला राग आहे, आणि तो गुच्छाने जाण्यातला नाही. मघाच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. नाही चालणार.

असो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. माझ्या वाट्याचा थोडा वेळ अजून शिल्लक आहे, तो मी अक्काला देते. तिला विचारलंय, तिची तयारी आहे. ये अक्का, अशी पुढे ये. माईक चालू आहे. मंडळी, शांतपणे ऐका. आणि काही ऐकू आलं नाही, तर क्षमा असावी. पुन्हा लावून ऐकायची सोय आता आपल्याकडे नाही.