टाइलमागचा एल्बो

नाव ओळखपत्रावरून वेगळे नोंदवले आहे. कामावर सगळे पानामास्तर म्हणतात. वय ५२, धंदा नळजोडणी, राहणार मालकाच्या चौथ्या इमारतीमागील खोली.

मी आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, मालकाच्या चारही इमारतींचे नळकाम एकवीस वर्षे मीच करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू ताई शिवणकाम करत. त्यांचे यजमान कालपासून आपल्या कोठडीत आहेत. त्यांच्या पाणी तापवायच्या कांडीमुळे शॉक बसून ताई वारल्या, असे मालकाने आपणांस सांगितले आहे.

तीन तारखेस सकाळी दहा वाजता ताईंनी मला न्हाणीघरात नेले. नळाच्या वर टाइलच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत होते. मी बोटाने टाइल वाजवली. पाच टाइल पोकळ वाजल्या. आतला लोखंडी एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, गंजून खलास झाला होता, हे मला न फोडताच कळले.

ताई म्हणाल्या, "दादा, आमचा नळ चावरा आहे. हात लावला की झिणझिण्या. त्यापेक्षा कुत्रा परवडला, भुंकून तरी सांगतो."

मी हसलो. टेस्टर माझ्या खिशात होता. मी तो नळाला लावला नाही. दिवा पेटला असता तर भिंत फोडावी लागली असती.

मालक दारात उभे होते. म्हणाले, "मास्तर, टाइलला हात लावायचा नाही. ही नक्षी बंद झाली बाजारात. वरून लेप मार." ताई म्हणाल्या, "फोडा हो दादा, धूळ मी पुसते." मालक म्हणाले, "पायात रबरी चप्पल घाला. सगळं जग घालतं."

मी सांध्यात पांढरे सिमेंट भरले. पाऊण तास लागला. ताईंनी पाणी दिले, ते प्यालो.

नऊ तारखेस सकाळी सव्वासात वाजता ताई न्हाणीघरात गेल्या, त्या नळाला हात लागलेल्या स्थितीत सापडल्या. रबरी चप्पल दाराबाहेर होती. डोक्यावरून पाणी घेताना चप्पल कोणी घालत नाही. पंचनाम्यात पोलिसांनी कांडी जप्त केली व यजमानांना नेले.

आज दहा तारखेस सकाळी नऊ वाजता मालकाचा फोन आला, "भिंत फोड, एल्बो बदल. दुपारपर्यंत टाइल बसलेली पाहिजे." मी गेलो. खोलीत वीज चालू होती. या वेळी टेस्टर लावला. दिवा लाल पेटला. कांडी तेव्हा ठाण्यात आपल्या कपाटात जप्त होती.

मेन स्विच बंद करून मी पाच टाइल काढल्या. एल्बोला बोटभर भोक होते. पाणी शेजारच्या वायरींच्या लोखंडी नळीवर पडून नळी गंजून फुटली होती व वायरीचे वेष्टण सोलून तार पाइपाला टेकली होती. एल्बो व तो वायरीचा तुकडा रुमालात बांधून जमा करीत आहे.

तेवढ्यात मालकाने माळ्यावरून खोके आणले. आत आठ टाइल, तोच रंग, तीच नक्षी. मी विचारले, "ही नक्षी बंद झाली होती ना?"

मालक म्हणाले, "तेव्हा कोण मेलं होतं?"

मी थापी खाली ठेवली व भिंत उघडी टाकून निघालो. मालक जिन्यापर्यंत मागे आले. म्हणाले, "मास्तर, राहती खोली कुणाची आहे, आठवतंय ना?" आठवते.

माझे म्हणणे आहे की भिंत सात दिवस ओरडत होती आणि तिचे तोंड आम्ही दोघांनी मिळून बुजवले. यावर साहेब म्हणाले, "मास्तर, भाषण नको, हकीकत सांगा." हकीकत एवढीच आहे. यजमानांचा यात दोष नाही. आठ टाइलचे खोके मालकाचे होते. सिमेंटचा हात माझा होता.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तीन तारखेच्या टेस्टरचे वाक्य त्यांनी गाळले होते. म्हणाले, "काका, हे तुमच्याच गळ्यात येईल." ते वाक्य मी परत लिहायला लावले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.